नुसतं उभं राहणं

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी शिराळ्याकडच्या गावातून सांगलीला आले. माझे सासरे पिंजारी होते. घर म्हणजे एक लांब खोली आणि पुढं ओसरी. ओसरीवर सासरे दिवसभर कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरायचे. कापसाचे तंतू घरभर तरंगायचे, भाकरीवर बसायचे, पापण्यांवर बसायचे. खोलीच्या एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला अंथरुणांची चवड. मधल्या जागेत आम्ही जेवायचो, झोपायचो आणि नमाज पढायचो. त्या खोलीत कोणापासून काही लपत नसे.

माझे मालक हळदीच्या ट्रकवर ड्रायव्हर. हंगामात ते महिन्यातून एखाद-दुसरी रात्र घरी असत. बाकी घरात सासू, सासरे आणि मी.

लहानपणी आमच्या गल्लीत एक बीबी होत्या. त्या मुलींना कुराण शिकवायच्या. शाळा माझी चौथीत सुटली, पण बीबींकडं मी लग्न ठरेपर्यंत जात होते. त्यांचं म्हणणं असं, की नमाजेला उभं राहताना अल्ला आपल्याकडं बघतोय हे मनात धरायचं. आणि झोपायच्या आधी सगळा दिवस उलगडून बघायचा. जिभेवर काय आलं, कानानं काय ऐकलं, हातानं काय केलं. वाईट दिसलं तर माफी मागायची, चांगलं दिसलं तर त्याचा डौल मिरवायचा नाही. मला बोलायला कधीच जमत नसे, चार माणसांत तर नाहीच. पण ही गोष्ट मनातल्या मनात करायची होती, म्हणून मला जमली. सासरी आल्यावरही मी ती सोडली नव्हती.

लग्नानंतर पहिल्यांदा माझे महिन्याचे दिवस आले तेव्हा मी मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतीच्या नमाजेच्या वेळी चुलीपाशी बसून राहिले. त्या दिवसांत बाईला नमाज नसते, हे कोणालाही ठाऊक असतं. सासऱ्यांचा गुडघा धरायचा, म्हणून ते मगरिब आणि रात्रीची इशा घरातच पढायचे. ते पुढं, आम्ही बायका मागं. त्या दिवशी त्यांची नमाज झाली आणि ते ओसरीवर गेले, तशी सासू माझ्याजवळ आली.

"घरात पुरुष माणूस हाय. तू उठली न्हाईस की त्यास्नी कळतंय. शरम वाटंना व्हय तुला?"

मी म्हटलं, मग काय करू?

"जानमाज टाकून नुसती उभी राहा. वाकायचं, बसायचं, उठायचं. पढू नकोस काई. आमी जलमभर असंच केलं."

मी तसंच करू लागले. वजूसाठी हात-पाय-तोंड धुवायची, जानमाजीच्या सतरंजीवर जायची, पदर नीट लपेटायची, उभी राहायची. ओठ मिटलेले. सासूबरोबर वाकायची, सासूबरोबर कपाळ टेकायची. कपाळ खाली असताना काय विचार करायचा हे मला कळायचं नाही. काही पढायचं नाही आणि दुसरं मनात आणावं तर तेही बरं नाही. मी जानमाजीच्या काठाचे धागे बघत राहायची. सासरे एकदा शेजाऱ्यांना सांगत होते, आमच्या सुनेची एक नमाज चुकत नाही. ते ऐकून मला चुलीत तोंड लपवावंसं वाटलं.

खरं नुकसान पुढं झालं. चांगल्या दिवसांतही मी सजद्यात, कपाळ टेकलेली असायची आणि एकदम जाणवायचं, की शरीर त्या दिवसांसारखंच वर-खाली होतंय. जीभ पढत असायची, पण मी तिथं नसायची. मी परत पहिल्यापासून सुरू करायची. पुन्हा तेच. बीबींनी शिकवलेली एकच गोष्ट माझ्याजवळ माझी अशी होती आणि ती हातातून सुटत चालली होती. सासूला सांगावं तर तिच्या जलमभराच्या वागण्यावर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. मालक घरी आले की दमून झोपायचे. आणि असली गोष्ट पुरुषाला कुठल्या शब्दांत सांगायची? मला शब्दच माहीत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात नणंदेच्या बाळंतपणाला सासू साताऱ्याला गेली. मी आणि सासरे दोघंच घरात राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून सासऱ्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला कडेगावहून बोलावून घेतलं. त्यांना सगळे फुफू, म्हणजे आत्या, म्हणत. नवरा वारलेला, मुलं मोठी, तोंडानं फटकळ. आल्या आल्या मला म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यानं बायको आणली का मुकी मैना? कडेगावला त्यांच्या घरी बायकांची बाजू वेगळी होती. कोण नमाजेला उठलं आणि कोण नाही, हे पुरुषांना दिसायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळं सासूची रीत त्यांना ठाऊक नव्हती.

मी मात्र ती मोडली नाही. फडकी पहाटे सगळ्यांच्या आधी धुवायची, परकराखाली वाळत घालायची, आणि पाची वेळा फुफूंच्या शेजारी उभी राहायची. सासू नव्हती, मी थांबवू शकले असते. पण आज एकदम बसून राहिले तर विचारतील, ही भीती. एकदा सुरू केलेलं सोडायलाही तोंड उघडावं लागतं.

फुफूंची नजर बारीक नव्हती, पण ध्यान सगळीकडं असायचं. दीड-दोन महिने त्या माझ्या शेजारी नमाज पढल्या, त्यात माझी एकही सुटलेली दिसली नाही, आणि त्यांनी मनाशी काय जुळवायचं ते जुळवलं. मला एका शब्दानं विचारलं नाही. एके सकाळी मी घागर घेऊन नळाला निघाले, तर त्यांनी ती माझ्या कमरेवरून काढून घेतली आणि ओसरीवर सासऱ्यांना म्हणाल्या,

"दाढीला जरा तेल लाव आता. पोराकडनं बी आजा हुणार हायस."

सासऱ्यांच्या हातातली पिंजणीची तार वाजायची थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, बघणं शोभलं नसतं. पण त्यांचा चेहरा मला दिसला. मी दारात उभी. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न तयार होता. मग रोज नमाजेला कशी उभी राहतेस? एक तर मी नापाक असताना नमाज पढले, नाहीतर नमाजेचं सोंग केलं. आणि सोंग केलं तर ते कोणी शिकवलं? मी आत गेले आणि पीठ मळायला घेतलं.

तिथून पुढं घर बदललं. मालक एका रात्रीपुरते येऊन गेले, पण असली गोष्ट त्यांच्यापाशी कोणी काढली नाही. माझ्या भाकरीवर तूप येऊ लागलं. मला उकिडवं बसू देईनात. फुफूंचं वय झालेलं, कंबर दुखायची, तरी त्या नळावरून पाणी आणायच्या. शेजारची बाई, जिचा मुलगा फौजेत होता, ती त्यांना नळावर म्हणाली, आवं फुफू, सून कुटं हाय? राणीसाहेब झाल्या काय? फुफू म्हणाल्या, व्हय, आणि तू बी तिला मुजरा कर. मला हे घरात ऐकू आलं. घागर घेऊन त्या वाकलेल्या येताना दिसल्या की मी पुढं व्हायची आणि त्या मला हातानं मागं सारायच्या. रात्री दिवस उलगडायला बसले की सगळ्यात आधी ती घागर दिसायची. मग मी उलगडायचंच सोडलं. पाठ करून झोपून जायची.

सासऱ्यांनी कुठून तरी सावरीचा कापूस आणला. आमच्या धंद्यात तो महाग, मोठ्या लोकांच्या उशांत जाणारा. गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून त्यांनी तो हातानं निवडला. एकेक काळं बी काढलं. तारेवर घातला नाही, बोटांनीच मोकळा केला. मग एवढीशी गादी शिवली, हातभर लांब. टाके इतके जवळ घातले होते, की मी त्यांच्या हातचे तसे टाके आधी कधी पाहिले नव्हते. ती त्यांनी माळ्यावर ठेवली. तेव्हापासून मला माळ्याकडं मान वर करून बघवेना.

एकदा मला वाटलं, अल्ला खरंच देईल आणि सगळं आपोआप मिटेल. मी सजद्यात तेच मागू लागले. मग ध्यानात आलं, मी लेकरू मागत नव्हते, सुटका मागत होते.

फुफूंनी ठरवलं, की शुक्रवारी साताऱ्याकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर सासूला निरोप धाडायचा आणि तसाच माझ्या माहेरीही. तो निरोप गेला की सासू आनंदानं धावत येणार, माझी आई येणार. आणि त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, माझे दिवस आले.

संध्याकाळपर्यंत मी काय काय केलं ते आठवत नाही. भांडी दोनदा घासली असतील. मगरिबची अजान झाली. सासऱ्यांनी पुढं जानमाज टाकली. फुफूंनी आपली टाकली, माझी टाकली. माझे पाय सवयीनं उठायला लागले होते. मी भिंतीला पाठ लावून बसून राहिले.

"ऊठ की गं," फुफू म्हणाल्या.

"मला आज नमाज न्हाई."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सासरे पाठमोरे होते. हात कानापर्यंत गेलेले, ते तिथंच थांबले. मग त्यांनी नमाज सुरू केली. फुफू माझ्याकडं बघत राहिल्या, पण वेळ जात होती, म्हणून त्याही उभ्या राहिल्या. त्या दोघांच्या नमाजेभर मी तशीच बसून होते. सगळ्यांसमोर, काहीही न करता.

नमाज झाली. सासरे ओसरीवर गेले. फुफू गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आल्या. त्यांनी हात माझ्या पोटावर ठेवला.

"गेलं व्हय गं पोरी?"

मी नुसती मान हलवली असती तर सगळं संपलं असतं. कोणी काही विचारलं नसतं. मला मायेनं निजवलं असतं, गूळ-तूप घातलं असतं, सासूलाही तसंच कळलं असतं. नमाजेचं सोंगही झाकलं गेलं असतं. हे मला तेव्हाच, त्यांचा हात पोटावर असतानाच दिसलं. माझी मान खाली होती. ती हलायची बाकी होती.

"नव्हतंच," मी म्हटलं.

त्यांना कळायला वेळ लागला. "मग रोज उभी राहत हुतीस ती?"

"नुसती."

फुफूंनी हात काढून घेतला. कुणी शिकवलं हे, म्हणून विचारलं. मी सासूचं नाव घेतलं नाही. माणसाच्या पाठीमागं त्याचं वाईट सांगायचं नाही, एवढं तरी बीबींचं शिल्लक होतं. फुफू म्हणाल्या, कळलं, सांगू नगंस. त्या मला रागावल्या नाहीत, पण जवळही घेतलं नाही. उठताना कमरेला हात लावून म्हणाल्या, "उद्यापास्नं पाणी तू आण."

ओसरी म्हणजे चार हातांवर. सासऱ्यांना सगळं ऐकू गेलं असणार. त्या रात्री ते जेवले नाहीत, पोट भरलंय म्हणाले. शुक्रवारी निरोप गेला नाही.

सकाळी मी पाणी आणत होते. नळावरची बाई माझ्या कमरेवरच्या घागरीकडं बघून काही विचारायला आली आणि न विचारताच मागं झाली. दुपारी सासऱ्यांनी ओसरीवर गादीच्या खोळीचं जाडं कापड पसरलं आणि त्याचे दोन पट्टे जोडून शिवायला बसले. मग खोलीत स्टूल ठेवून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून, तो पडदा टाकला. मागं माझ्यापुरती, एक जानमाज मावेल एवढी जागा राहिली. कोणाकडं न बघता म्हणाले,

"कापसाची धूळ लय येतीया घरात. आडोसा असल्याला बरा."

पुढं सासू साताऱ्याहून आली. फुफूंनी तिला काय सांगितलं, किती सांगितलं, मला ठाऊक नाही. पडदा बघून तिनं विचारलं, तर सासऱ्यांनी धुळीचंच सांगितलं. पण माझे दिवस आले तेव्हा ती पुन्हा मला म्हणाली, की पडद्यामागं बसलीस तरी कंदिलानं सावली पडती, बसल्याली दिसतीस. उभी राहत जा. आमच्याकडं वीज नव्हती. कंदील माझ्या बाजूला टांगलेला असायचा.

मी कंदील काढला आणि पडद्याच्या पलीकडं, त्यांच्या बाजूला नेऊन ठेवला. सासूनं माझ्याकडं पाहिलं. सासरे ओसरीवरून म्हणाले, ऱ्हाऊ दे तिकडंच, मला बी उजेड लागतोय.

तेव्हापासून मी अंधारात असायची. आत कोण उभं आहे, कोण बसलंय, कोणाला कळत नव्हतं. मला वाटलं होतं, आता माझी नमाज मला परत मिळेल. दिवस सरले, मी आंघोळ केली आणि पहिल्यांदा त्या पडद्यामागं खरी नमाज पढायला उभी राहिले. सजदा केला, उठले, पुन्हा केला, आणि सलाम फेरून नमाज संपवली, जानमाज गुंडाळायला घेतली. बाहेर सासूची नमाज अजून अर्धीच झाली होती. ती आणि मी रोज एकाच वेळी संपवायचो.

मी जानमाज हातात धरून तशीच बसले. कोणी बघत नव्हतं, म्हणून मी उरकली होती. माळ्यावर ती गादी तशीच होती. पडद्याच्या वरच्या फटीतून तिचा कोपरा दिसायचा. मी जानमाज पुन्हा पसरली, आणि पहिल्यापासून सुरू केली.