जुना टीव्ही कुणाच्या खोलीत

दुकानाच्या भिंतीवर सगळे टीव्ही एकाच वेळी तोच पोपट दाखवत होते. आमच्या बजेटमधल्या तीन टीव्हींपुढे बाबा उभे होते. दिवसभर टीव्ही पाहणारे तेच, म्हणून निवडायला त्यांना मुद्दाम नेलं होतं. कानामागे हात धरून ते एकेकाचा आवाज तपासत होते.

"हा घे," ते म्हणाले. "पोपट तिन्हींत सारखाच हिरवा आहे, पण याचं बोलणं कळतं."

"जुना एक्स्चेंजमध्ये देताय?" सेल्समनने विचारलं.

"नको, तो बाबांच्या खोलीत लावू," मी बोलून गेलो. घरी आम्ही नवराबायकोने तसं ठरवलं होतं. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

बाबांनी कानामागचा हात खाली घेतला.

घरात नवं काही आलं की जुनं म्हाताऱ्यांच्या खोलीकडे सरकतं. आमचा करकरणारा पंखा तिथेच गेला, बसकी गादीही. टाकवत नाही म्हणून ठेवतो आणि त्याला बाबांची सोय म्हणतो. या वेळी वस्तूमागोमाग माणसालाही हॉलमधून आत सरकवत होतो, हे मला तो हात खाली आल्यावर कळलं.

"मग तुम्हाला आवडेल तो घ्या," बाबा म्हणाले. पुढे त्यांनी विचारलं, "अरे, मॅच असली की बाहेर येऊन बसलो तर चालेल ना?"

"चालेल की, बाबा," मी पटकन म्हणालो. ज्यांच्या घरात मी लहानाचा मोठा झालो, त्यांना मी हॉलमध्ये बसायची परवानगी देत होतो.