आलापल्लीचा रस्ता आणि आदल्या दिवशीच्या उठबशा

गेल्या वर्षी चंद्रपूरहून आलापल्लीला सायकलने निघाले आणि मूल गावाच्या पुढे डावा गुडघा दुखायला लागला. तशीच रेटत राहिले. मग दोन महिने सायकल बंद. डॉक्टर म्हणाले, नुसती सायकल चालवून मांड्या आणि कंबर मजबूत होत नाहीत, वजनाचा व्यायाम करा. म्हणून पाच महिने जिममध्ये घालवून यंदा डिसेंबरात पुन्हा निघाले.

चूक निघण्याआधीच झाली. चौथीपर्यंत मला बाबांनी घरीच शिकवलं. नेमलेलं काही राहिलं तर चैन पडत नाही, ही सवय तेव्हाची. व्यायामाच्या तक्त्यात आदल्या संध्याकाळी वजन घेऊन उठबशा होत्या. केल्या.

चंद्रपूरहून चांगलं उजाडल्यावरच निघा, मूलपर्यंत वाघाची भीती खरी आहे. मूलला तर्री-पोहे, पुढे वैनगंगेचा पूल, गडचिरोलीत सहाशे रुपयांची खोली. पूर्वी चाळीस किलोमीटरनंतर मान-खांदे आखडायचे, तसं काहीच झालं नाही. खूश होऊन झोपले.

सकाळी पलंगावरून उठवेना. हे उठबशांचं दुखणं की गुडघा पुन्हा? गुडघा असेल तर पुढे जाणं मूर्खपणा. नसेल तर उगाच परत फिरणं. ठरेना, म्हणून पुढेच निघाले, पण दर किलोमीटरला माझं मत बदलत होतं. चामोर्शीला चहाच्या टपरीवर खांब धरून बाकावर टेकले. समोर चंद्रपूरची बस उभी होती.

“काऊन वो बाई, पडल्या का?” चहावाल्या बाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

शेजारी बसलेले एक भाऊ हसले. “पैशे देऊन उठबशा काढल्या अन् आता बसता येऊन नाई राह्यलं!”

“तुमी चूप बसा जी,” बाई म्हणाल्या. मग मला, “एकाच पायाले दुखते का दोन्ही?”

“दोन्ही. डाव्याला जरा जास्त... बहुतेक.”

“बहुतेक काय? दाबून सांग.”

दाबलं. मांड्या ठणकल्या, गुडघ्याला काही नाही. खात्रीसाठी तीनदा दाबलं.

“धानाच्या रोवणीत दुसऱ्या दिवशी आमालेबी उठता येत नाई. तिसऱ्या दिवशी मोकळं होते. पण गुडघाच दुखला, तर मी नाई जात बांधीत रोवाले.”

बस निघून गेली. मी धीट की वेडी, हे मला कळत नव्हतं. गुडघ्यात कळ आली तर तिथेच उतरायचं, असं ठरवून हळूहळू आष्टी गाठलं. तिसऱ्या दिवशी दुखणं खरंच ओसरलं. सागवानातल्या चढावर पेडलवर उभी राहून सायकल मारली, दुपारी आलापल्लीत पोहोचले. परत येताना सायकल जीपच्या टपावर बांधली.

आता मैत्रिणी विचारतात, व्यायामाचा फायदा होतो का? खांद्यांना झाला, हे नक्की. गुडघा त्यानेच वाचला का, हे छातीठोकपणे सांगवत नाही; मी सीटही थोडी वर केली होती. तरी व्यायाम करा, फक्त निघण्याआधीचे तीन दिवस मोकळे ठेवा. माझ्यापुरतं इतकंच खरं: आलापल्लीआधीचे शेवटचे काही किलोमीटर मला गुडघ्याची आठवणच झाली नाही, आणि हेसुद्धा घरी आल्यावर लक्षात आलं.