मुखरूची पाठ

मुखरू आणि हानाएबाईंची पहिली गाठ पडली, त्या दुपारी वडशातली झाडून सगळी कुत्री आरमोरीपर्यंत पळाली म्हणतात. झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत तालीम चालू होती आणि राजाच्या कामात मुखरूनं गर्जना केली होती. छपरावरची कवेलू घसरली, चहावाल्याचं दूध फाटलं. ती जपानी बाई मात्र जागची हलली नाही. उलट उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

हानाएबाई तिकडच्या मालिकांमधली नटी. उमेदीची सगळी वर्षं पडद्यावर रडण्यात गेली. आता तिला स्वतःचा सिनेमा काढायचा होता, ज्यात कोणी रडणार नाही. धानोऱ्याच्या जंगलातला एकटा नावाडी, एवढीच गोष्ट. आणि नावाडी कोण, तर मुखरू!

मुखरूनं ऐन हंगामाच्या तोंडावर राजाचा मुकुट मालकाच्या टेबलावर ठेवला. "आता आपलं थोबाड जपानात दिसन, भाऊ!"

नदीवर पहिल्याच दिवशी त्यानं दुभाषी दीपालीला विचारलं, "मले डायलॉग किती?"

"एकही नाही, काका. नुसतं नदीकडं बघायचं."

"नदीकडं पाहीन तं पब्लिककडं पाठ होईन ना! आमच्यात पाप हाय ते."

जन्मभर रसिकांकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस. डोंगा ढकलता ढकलता तो गर्रकन कॅमेऱ्याकडे वळे आणि छाती काढे. तिसऱ्या दिवशी बाईंनी नदीतच, त्याच्या समोर, आणखी एक कॅमेरा उभा केला. मुखरूनं त्याच्यासमोर जीव ओतला. बाई रोज म्हणायच्या, "फार सुंदर!"

वर्षभरानं सिनेमा आला. मुखरूनं समाजमंदिरात पडदा लावून अख्खा गाव बसवला. नदी दिसली, धुकं दिसलं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुखरूची पाठ दिसली.

"पाठ तुमचीच हाय, मी वळखली," बायको कमळा हळूच म्हणाली.

त्यानं तिथूनच दीपालीला फोन लावला. "पोरी, समोरचा कॅमेरा कुठी गेला?"

"काका... तो बंदच होता. तुम्ही मागं वळू नये म्हणून ठेवला होता."

"बाईले मालूम होतं?"

"त्यांनीच ठेवायला सांगितला. तिकडं तुमच्या पाठीचं फार कौतुक झालं, काका."

"अन् मले काऊन नाई सांगितलं?"



राजाचं काम मालकानं आधीच कंपनीतल्या लच्छूला दिलं होतं. मुखरू आता त्याच कंपनीत पडदा ओढतो.