लोखंडावरची कालवं

आमच्या शाळेच्या मागे खाडी होती, आणि ओहोटीला त्या खाडीतून लोखंड वर यायचं. भरतीला नुसतं पाणी. ओहोटीला मात्र दोन-अडीच तास चिखलात आडवीतिडवी पडलेली, गंजून तांबडी झालेली नळकांडी दिसायची. काही मनगटाएवढी जाड, काही मांडीएवढी. त्यांच्यावर कालवं, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे खायचे शिंपले, बसलेली असायची. खडकावरची कालवं बारीक, लोखंडावरची भरलेली, असं गावातल्या बायका सांगायच्या, आणि ते खरं होतं. मी दोन्ही खाल्ली होती.

सत्तरच्या दशकाचा तो शेवट. मी वाशीला नव्या वसाहतीतल्या एका खोलीत राहायचो आणि बेलापूरच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात विज्ञान शिकवायला जायचो. नवं शहर तेव्हा बरंचसं नकाशावरच होतं, आणि नकाशावर ते फार देखणं होतं. खाडी त्यात फिक्या निळ्या रंगाची होती. तो नकाशा काढणारा माणूस ओहोटीला कधी आला नसावा.

कालवं विकायला एक बाई शाळेच्या फाटकाशी बसायची. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वय, घट्ट कासोटा, समोर टोपली, टोपलीवर ओलं फडकं. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही. एका थंडीत तिचे हात पिवळे दिसायला लागले. तळवे, बोटं, नखांच्या कडा, पार मनगटापर्यंत. आमच्या शिपायाच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

"काय मावशी, हळद लागली? परत लगीन काढलं का काय?"

"काढलं असतं रे," ती फडकं पिळत म्हणाली, "पन तुजं थोबाड बगितलं का मन उडतं."

सगळे हसले. पण त्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी झालं. पिवळ्या हातांनी दिलेलं कालव कुणाला नको होतं. आणि ज्यांनी घेतलं ते दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले, की कालवं कडू लागतात. शिक्षकांच्या खोलीत यावर बरीच चर्चा झाली. आमच्या मुख्याध्यापकांच्या मते बाई नीट धूत नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिने मला थांबवलं. "मास्तर, तुमी त्या कपाटातल्या बाटल्यांचं शिकवता ना? मंग ह्ये बगा. साबन लावला, राख लावली, घासलेट लावलं. जात नाय. सुनेचं पन तसंच झालंय. आन कालव कडू कशानं होतंय ते सांगा. कालव कदी कडू होत नाय."

मी तिचा हात उजेडात धरला. तो पिवळा मला ठाऊक होता. कॉलेजात असताना एका आम्लाची बाटली माझ्या हातून सांडली होती. नखं वाढून कापली जाईपर्यंत बोटं अशीच होती, आणि चुकून जीभ लागली तेव्हा तोंड दिवसभर कडू होतं. आमच्या प्राध्यापकांनी तेव्हा सांगितलं होतं की हेच आम्ल एके काळी तोफगोळ्यांत ठासून भरत असत.

"मावशी, तुम्ही कालवं नेमकी कशावरून काढता?"

"चला की. आत्ता सुकतीच हाय."

सुकती म्हणजे ओहोटी. चपला हातात घेऊन मी तिच्या मागे चिखलात उतरलो. त्या चिखलात पाऊल टाकलं की निवट्या चहूकडे उड्या मारत पळतात. डोळे वर काढलेले ते बोटभर मासे गावची पोरं हाताने पकडायची. पहिल्या शंभर पावलांत त्या शेकड्याने पळाल्या. मग कमी झाल्या. लोखंडाजवळ पोचलो तेव्हा एकही नव्हती. खेकड्यांची बिळं होती, पण तोंडं बुजलेली. चिखलावर पिवळसर साय धरल्यासारखं दिसत होतं. मी ते बघत असतानाच मावशी एका नळकांड्यापाशी उकिडवी बसली, कमरेची छोटी कोयती काढली आणि कालवाच्या बुडाशी, म्हणजे त्या लोखंडावर, खणकन घाव घातला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. तिने दचकून वर बघितलं.

"काय झालं? साप हाय?"

"मावशी, हा तोफगोळा आहे!"

"मंग? मना नाय ठाव?" ती वैतागून म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासनं मारते हाय मी त्याला कोयती. एकदा पन उलट बोलला नाय. नवऱ्यापरीस बरा."

ती त्याच गावात जन्मली होती आणि त्याच गावात दिलेली. महायुद्ध संपलं तेव्हा ती परकरी पोर होती. भर दुपारी एक मोठा तराफा खाडीत आलेला तिने बंधाऱ्यावरून पाहिला होता. पेट्याच पेट्या. त्या बाहेर खोल दर्यात नेऊन बुडवायच्या होत्या, असं तराफ्यावरचा एक खलाशी पाणी प्यायला गावात आला तेव्हा सांगून गेला. पण भरती उतरायला लागली होती आणि माणसांना भूक लागली होती. त्यांनी पेट्या तिथेच उलट्या केल्या आणि निघून गेले. तराफा कुणाचा, हुकूम कुणाचा, गावात कुणालाच माहीत नव्हतं. खोल दर्यात अमुक पेट्या बुडवल्या, अशी कुठल्या तरी वहीत नोंद मात्र नक्की असेल. नोंदीच्या बाबतीत ती माणसं फार काटेकोर असतात.

पुढे लाकूड कुजलं, लोखंड उरलं, त्यावर कालवं धरली. तीन पिढ्यांच्या बायकांनी ती फोडली. आता ते लोखंडही कुजून उसवलं होतं आणि आतलं बाहेर येत होतं.

"मावशी, इथं यायचं बंद करा," मी म्हणालो.

"आन खाऊ काय? तुमचा खडू? शेती शहराला गेली, मिठागर गेलं. ही येवडीच जागा हाय, जी कुनी मोजून नेली नाय. तुमी लिवनारी मानसं. लिवा सरकारला, ह्ये उचला म्हनावं. मेलंय अजून थोडंच. खडकाकडची कालवं अजून गोड हायत."

तेवढंच तिचं मागणं होतं. बाकीची खाडी मरायच्या आत लोखंड उचला.

मी लिहिलं. पहिल्या कार्यालयाने कळवलं की भरतीच्या रेषेखालची जमीन त्यांची नाही. दुसऱ्याने कळवलं की ती जमीन त्यांची आहे, पण जमिनीवर पडलेली वस्तू नाही. तिसऱ्या ठिकाणी मी स्वतः गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, या वस्तू तोफगोळेच आहेत याला पुरावा काय? एखादा फुटला का? नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी नापास मुलासाठी रदबदली करायला आलो होतो. वर्ष गेलं. तेवढ्या काळात खडकाच्या अलीकडच्या बाजूची कालवंही कडू झाली. मावशीची सून बोटं सोलवटल्यामुळे भाकऱ्या थापेना.

मग एकदम कळलं की तिन्ही कार्यालयांची संयुक्त पाहणी होणार आणि स्वतः मोठे साहेब येणार. मुख्याध्यापक दोन दिवस झोपले नसावेत. शाळेपुढे मांडव पडला, सरपंचाच्या घरचा सोफा आला, मुलींना स्वागतगीत बसवलं. मला सूत्रसंचालन दिलं. ते मी केलं, हे इथे सांगून टाकतो. "आपल्या गावाच्या भाग्याचा दिवस" हे शब्द माझ्या तोंडून गेले आहेत.

पाहणीची वेळ सकाळी दहा. गावाने आधीच कळवलं होतं की त्या दिवशी ओहोटी साडेचारला आहे, साडेचारला या. उत्तर आलं की साडेचारला साहेबांचा दुसरा कार्यक्रम आहे. खाडीने आपली वेळ बदलावी असं कुणी लिहिलं नाही, एवढंच.

साहेब अकराला आले. खाडी काठोकाठ भरलेली. सात माणसं बंधाऱ्यावर रांगेने उभी राहिली आणि पाण्याकडे बघू लागली. शिपायाने साहेबांच्या डोक्यावर छत्री धरली होती. साहेबांनी दुर्बीणही आणली होती. तिच्यातून त्यांनी पलीकडचा डोंगर पाहिला. "पाणी तर स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या मागच्याने ते लिहून घेतलं.

"सायेब, दुपारी बगा," मावशी गर्दीतून म्हणाली. "पान्याखालचं वरनं कसं दिसल?"

"दिसतंय, दिसतंय. बाई, तुम्ही घाबरू नका. आमच्या तज्ज्ञांनी अहवाल दिलाय. इथल्या माशांना काही धोका नाही."

मग शाल-श्रीफळ झालं आणि साहेबांचं भाषण झालं. ते स्वतः कोकणातले. लहानपणी आईच्या हातचं कालवांचं सुकं कसं खायचे, त्याची चव अजून जिभेवर कशी आहे, हे त्यांनी फार रंगवून सांगितलं. माणूस बोलायला वाईट नव्हता.

आमच्या त्या गावात पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि पाहुण्यापुढे घरचं धरलेलं ठेवतात, विकतचं नाही. पंगत शाळेच्या व्हरांड्यात होती. तांदळाची भाकरी आणि भात सरपंचाकडून आला. मावशी आणि तिची सून आतून पातेलं घेऊन आल्या. पिवळ्या हातांनी तिने साहेबांच्या ताटात पळीभर कालवं वाढली.

"लोखंडावरची हायत, सायेब. कालच्या सुकतीची. खावा."

व्हरांड्यात कुणी भाकरी मोडेना. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. ते मऊ आवाजात म्हणाले, "आज माझा उपास आहे हो."

तो बुधवार होता. मराठी माणूस बुधवारी मासे सोडत नाही, हे महाराष्ट्रातल्या मांजरांनाही माहीत आहे. पण साहेबांपाठोपाठ दुसऱ्याने सांगितलं की त्याने गेल्याच महिन्यात माळ घातली. तिसऱ्याला पित्त होतं. चौथ्याच्या घरी सुतक. मावशी प्रत्येकासमोर वाकत होती, पळी पुढे करत होती, कारण ऐकत होती आणि पुढे सरकत होती. सातव्याजवळ पोचली तेव्हा तो बिचारा काही सुचेना म्हणून नुसताच हात आडवा धरून बसला.

ती सरळ उभी राहिली. "अवो, धोका नाय म्हनलात ना आत्ताच? का तेवढं भाषनापुरतं?"

मुख्याध्यापक धावले. "बाई, पाहुण्यांशी असं बोलतात का?" आणि मला म्हणाले, "मास्तर, हिला आत न्या." मी जागचा हललो नाही. त्या दिवसातलं माझं कर्तृत्व एवढंच.

साहेब नारळ घेऊन गेले, शाल सोफ्यावर राहिली. पाहणीच्या अहवालात काही आक्षेपार्ह आढळलं नाही. आणि महिन्याभरात दोन माणसं येऊन खाडीकाठी लोखंडी खांबांवर एक बोर्ड रोवून गेली: या क्षेत्रात कालवे, शिंपले व मासे गोळा करण्यास सक्त मनाई आहे, उल्लंघन करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल. का मनाई, ते लिहिलं नव्हतं.

मावशीने मला तो वाचायला लावला. ऐकून म्हणाली, "म्हंजे त्यांना ठाव होतं."

पुढची उधाणाची ओहोटी आली तेव्हा ती बोर्डाखालून वाकून सरळ आत गेली. मी मागोमाग गेलो, तिला अडवायला. आता खडकापर्यंतही निवट्या नव्हत्या. तिने खडकावरचं एक कालव उघडलं. आत काळं पाणी. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. वीस-पंचवीस तरी उघडली असतील. सगळी रिकामी, नाहीतर सडलेली. तिने कोयती पदराला पुसली आणि कमरेला खोचली.

"मास्तर, अर्ज लिवा. तो बोरड काडून न्या म्हनावं. आता त्यो राखतोय काय?"

मी लिहिला. माझ्या सगळ्या अर्जांत याच एका अर्जाला धड उत्तर आलं, तेही पंधरा दिवसांत, शिक्क्यानिशी. सदर क्षेत्रातील धोका कायम असल्याने फलक हटवता येणार नाही.

मी ते तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं, मग कागद घडी करून कमरेच्या चंचीत ठेवला. म्हणाली, "राहू दे माज्याकडं. पयल्यांदा खरं लिवलंय."

धोका आहे हे आपणच कळवलंत, तर लोखंड केव्हा उचलता, असं मी उलट लिहिलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. मावशी पुढे वाशीच्या बाजारातून कोथिंबीर आणून विकायला लागली. दुसऱ्याने पिकवलेलं विकताना तिला लाज वाटायची, हे तिने मला दोनदा सांगितलं. लोखंड खाडीतच आहे.