चिठ्ठी काढून घ्यायची राहिली

दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी मी भाकऱ्या थापत होते आणि भावोजींनी माझा मोबाईल पुढे धरला. "वहिनी, पिन टाका." एक हात पिठात होता, दुसऱ्या हाताने टाकला... आणि पुढचा आठवडा मी नीट जेवले नाही.

भावोजी म्हणजे माझा धाकटा दीर. दिघ्यात आमी एकत्रच राहतो. एक कंपनी शेअर बाजारात येणार होती, तिचा आयपीओ भरायचं त्यांच्या डोक्यात होतं. एका पॅनकार्डवर एकच फॉर्म चालतो, म्हणून एक त्यांच्या नावाने आणि एक माझ्या.

मी आठवी शिकलेली. मला भीती वाटली. ते म्हणाले, "पैसे कुठे जात नाहीत वहिनी. तुमच्याच खात्यात राहतात, फक्त ब्लॉक होतात. लागला तर कापतील, नाही लागला तर सुटतील."

मी विचारलं, भाव काय? तर म्हणे भाव अजून ठरायचाय. इतक्यापासून इतक्यापर्यंत असं कंपनीने सांगितलंय, लोक किती मागतात ते बघून शेवटी एक भाव ठरणार. आणि आपण फॉर्ममध्ये लिहिलंय, जो ठरेल तो मान्य.

मी म्हटलं, "मी कोथिंबिरीची जुडीपण भाव विचारल्याशिवाय पिशवीत टाकत नाही हो." ते खूप हसले. मीपण हसले. पिन तर टाकून झाला होता...

मंगळवारी शाळेचा मेसेज आला. आमच्या अन्वीचं नाव पहिलीच्या यादीत लागलं होतं. शनिवारपर्यंत फी भरा, नाहीतर सीट वेटिंगवाल्याला जाईल.

फीचे पैसे म्हणजे तेच. वर्षभर बाजूला टाकलेले. खात्यात दिसत होते, पण हात लावता येत नव्हता.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण भावोजींनी एवढ्या हौसेने माझं शेअरचं खातं उघडून दिलेलं, आणि माझा स्वभाव घाबरट. शिवाय मला वाटलं, अजून वेळ आहे. हीच माझी चूक.

त्याचं काय आहे, आमच्या गल्लीत दहा बायकांची भिशी आहे. रेहाना भाभी चालवतात. दहा नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि एक उचलायची. पण डबा हलवायच्या आधी कुणीपण सांगू शकतं, या महिन्यात माझी चिठ्ठी काढून ठेवा, मला आत्ता नको. मला वाटलं आयपीओपण तसाच असणार. ड्रॉ गुरुवारी आहे, तर गुरुवारी सकाळी सांगू.

गुरुवारी चहा देताना मी म्हटलं, "भावोजी, माझी चिठ्ठी काढून घ्या ना."

"कसली चिठ्ठी?"

सगळं सांगितलं. त्यांचा कप हातातच राहिला. "अहो वहिनी... काल पाचच्या आत बोलायचं ना! फॉर्म कॅन्सल झाला असता. आता बंद झालं सगळं."

ओरडले नाहीत ते. उलट समजावलं. म्हणाले, टेन्शन घेऊ नका, मागणी एवढी आलीय की खूप जणांत एखाद्यालाच लागणार. मी कामाला जातो त्या शेठने तेरा लॉट, म्हणजे शेअरचे तेरा गठ्ठे भरलेत, पण ड्रॉमध्ये त्याला लागला तरी एकच लॉट मिळणार. सगळ्यांची एकच चिठ्ठी.

त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला आणि मागितलं, आमचं नाव येऊ देऊ नको. असं मागणारी मी एकटीच असेन...

संध्याकाळी निकाल आला. भावोजींना लागला नाही. शेठला लागला नाही. मला लागला.

भावोजी उड्या मारायला उठले आणि माझं तोंड बघून खाली बसले. शुक्रवारी सकाळी पैसे कापल्याचा मेसेज आला. शेअर विकता येणार सोमवारी, पैसे हातात येणार त्याच्यानंतर. भावोजींचे पैसे सुटतील-सुटतील म्हणता संध्याकाळ झाली, बँकेने काही सोडले नाहीत. ह्यांचा पगार सात तारखेला.

त्याच संध्याकाळी भिशी होती, नव्या फेरीची पहिलीच. मी मागायला गेले नव्हते, खरंच. कोपऱ्यात बसले होते. भाभी म्हणाल्या, "अश्विनी, चेहरा क्यों उतरा है? बोल तो सही." मग मला रडूच आलं.

मी बोलत होते तोवर पुष्पा मावशींनी डब्यात हात घातला आणि आपली चिठ्ठी शोधून काढून घेतली. मग डबा पुढे सरकला. एकेकीने आपापली काढून घेतली.

आत माझी एकच राहिली. भाभींनी तरीपण झाकण लावून डबा हलवला. "रूल मतलब रूल." एकुलती चिठ्ठी आत खुळखुळली आणि सगळ्या हसायला लागल्या. मग भाभींनी डोळे मिटून उचलली आणि मोठ्याने वाचली, "अश्विनी!"

पुष्पा मावशी म्हणाल्या, "नशीबवान हाय गं पोरगी. एका आठवड्यात दोन लॉटऱ्या!"

शनिवारी फी भरली. शेअर थोडे वाढून विकले गेले, त्यात अन्वीच्या वह्या आल्या.

मी त्या कॉम्प्युटरच्या ड्रॉला वाईट म्हणणार नाही. तेरा लॉटवाला शेठ आणि मी, त्याला दोघं सारखेच. असं मला आजवर कुठल्याच काउंटरवर दिसलं नाही. पण त्याला माझं तोंड दिसत नव्हतं... नऊ बायकांना दिसलं.

आता पुढच्या भिशीला भाभींनी डबा उचलला की मीच आधी विचारणार आहे. बायांनो, कुणाला घाई आहे का? लाजू नका, आत्ताच बोला... डबा अजून हललेला नाही.