मालतीबाईंचा गुडघा आणि कानबाईचा चौरंग

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं हे मला वासावरून कळतं आणि कोणाचं काय दुखतं हे चालीवरून. त्यामुळे मालतीबाईंचा डावा गुडघा बिघडलाय हे त्यांच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं. एरवी त्या लिंबायतच्या आमच्या गल्लीतून निघाल्या की समोरची रिक्षा बाजूला व्हायची. होळीनंतर त्याच रिक्षेला वाट देऊ लागल्या. मी म्हटलं, काहीतरी आहे.

मालतीबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. लग्न करून सुरतेत आल्या तेव्हा सुकदेवभाऊ लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, अजूनही लूमवरच आहेत. कान कमी झालेत, आवाज वाढलाय, बाकी माणूस तोच. मालतीबाई घरी साड्यांचं धागा कटिंग करतात. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे येतात, त्यांच्या उलट्या बाजूला सुटलेले धागे छोट्या कात्रीनं कापायचे. त्याची त्यांची एक बैठक ठरलेली. उजवा पाय दुमडलेला, डावा गुडघा उभा, आणि त्यावर साडी ताणलेली. दुसऱ्यांना टेबल लागतं, मालतीबाईंना गुडघा पुरतो. वर्षानुवर्षं टेबल म्हणून वापरलेल्या गुडघ्यानं एक दिवस तक्रार करावी यात नवल काय? पण तो सकाळी आखडायचा, सुजायचा, गरम लागायचा. हळूहळू दुसरा गुडघा आणि मनगटंही बोलायला लागली.

सुकदेवभाऊंनी आपल्या डोक्यानं उपाय काढला. कारखान्यातून लूमला घालतात ते तेल आणलं आणि म्हणाले, "यानं येवढं मोठं मशीन गुपचूप चालस, तुना गुडघा काय चीज शे!" मालतीबाईंनी चोळूनही घेतलं. दोन दिवस त्यांच्याजवळ बसलं की कारखान्यात बसल्यासारखं वाटे. सूज मात्र वाढली.

तरीही त्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हत्या. तयार झाल्या त्या कानबाईमुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा खानदेशी लोकांत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी चौरंगासकट देवी डोक्यावर घेऊन पाण्यावर न्यायची. मालतीबाईंच्या भाऊबंदांत तो चौरंग थोरल्या सुनेच्या डोक्यावर. सासूनं मरायच्या आधी स्वतःच्या हातानं तो त्यांच्या डोक्यावर ठेवला होता, आणि तेव्हापासून गल्ली ते तळं मालतीबाईच. आता गुडघाच साथ देत नसेल तर चौरंग जाणार धाकट्या जावेकडे, पलीकडच्या गल्लीतल्या मंगलाबाईंकडे. मंगलाबाई आषाढातच विचारपूस करायला येऊन बसल्या.

"बाई, तुम्ही आराम करा. यंदा मी लई जासू कानबाई. मना डोकाले काय व्हस?"

"तुनं डोकं रिकामंच शे, माले माहीत शे," मालतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठल्या. उठताना भिंत धरली. मंगलाबाईंनी ती धरलेली भिंत नीट पाहून घेतली. मीही पाहिली.

दुसऱ्याच दिवशी मालतीबाई मला म्हणाल्या, "शोभाबाई, त्या तुमच्या वैद्यीणबाईकडे लई चाला."

हेतलबेन उधन्याकडे एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसतात. अस्सल सुरती बाई. वय कमी, पण पेशंटला दटावायची पद्धत सासूची. त्या गुजरातीत विचारणार, मालतीबाई अहिराणीत सांगणार, मधे मी. दुभाष्याला थोडं मीठमसाला लावायची मुभा असते, ती मी घेतली.

"मासी, जीभ बतावो."

मालतीबाईंनी जीभ दाखवली. पांढरी, साय धरल्यासारखी. हेतलबेननी नाडी पाहिली, गुडघ्याला पालथा हात लावून ऊब पाहिली, मग प्रश्न सुरू केले. भूक लागते का? सकाळी अंग जड वाटतं का? जेवण झाल्यावर झोप येते का? मालतीबाई म्हणाल्या, भूक लागत नाही पण जेवते. मी म्हटलं, हे खरं आहे, दोन्ही.

हेतलबेननी समजावलं ते असं. पोटात अग्नी असतो. तो मंद झाला की खाल्लेलं धड पचत नाही, अर्धंकच्चं उरतं. त्याला आयुर्वेदात आम म्हणतात. तो चिकट असतो. अंगभर फिरतो आणि जिथं जागा मिळेल तिथं, म्हणजे सांध्यांत, जाऊन बसतो. वात त्याला ढकलत नेतो. म्हणून हे दुखणं नुसत्या झिजेचं नाही, आमवाताचं दिसतंय. रक्त तपासून आणा, तेही बघू. पण तोवर तेल बंद.

"तेल बंद?" मालतीबाईंना धक्काच बसला. वैद्याकडे जायचं आणि तेल बंद, म्हणजे देवळात जायचं आणि घंटा बंद.

"आम असेपर्यंत तेल लावायचं नाही. करपलेल्या भांड्यावर वरून तेल ओतलं तर ते निघतं का?" हेतलबेन म्हणाल्या. "आधी आम पचवायचा. सुंठीचं पाणी प्या. सकाळी सुंठीच्या काढ्यात एरंडेल. गुडघ्याला गरम वाळूची पोटली, कोरडी. आणि लंघन करा."

दारूच्या बाटलीकडे पाहावं तसं मालतीबाईंनी एरंडेलाच्या बाटलीकडे पाहिलं. पण घेतलं. कोपऱ्यावर बांधकाम चालू होतं, तिथली वाळू सुनेनं, वर्षानं, मागून आणली आणि कढईत भाजायला घेतली. सुकदेवभाऊ ड्युटीवरून आले, झाकण उचलून म्हणाले, "आज काय शे?"

वर्षा म्हणाली, "वाळू."

भाऊंनी मुकाट्यानं झाकण ठेवलं आणि भाकरी-ठेच्यावर भागवलं. वाळू कशाला, हे विचारायची हिंमत त्यांना दोन दिवस झाली नाही.

सगळं नेमानं चाललं होतं. काढा वेळेवर, पोटली वेळेवर, आणि लंघन तर इतकं कडक की मालतीबाईंनी सोमवार, गुरुवार, शनिवार असे वारच लावून घेतले. पण गुडघा जिथल्या तिथं. सूज एक दिवस उतरे, दुसऱ्या दिवशी परत. मंगलाबाई येऊन बघून जात आणि जाताना आनंद लपवायला पदर तोंडाला लावत. आषाढ अर्ध्यावर आला.

पुन्हा हेतलबेनकडे गेलो. त्यांनी जीभ पाहिली. साय तशीच. रक्ताचा कागद पाहिला, त्यातही सूज दिसत होती, आणि कपाळाला आठी घातली.

"मासी, लंघन करो छो ने?"

"हा ना! कडक!"

"कडक नाही, कुरकुरीत," मी म्हटलं. "हेतलबेन, त्या दिवशी काय खातात ते तर विचारा."

मालतीबाईंनी अभिमानानं सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट भरपूर. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दही. संध्याकाळी केळी, आणि फारच गळाल्यासारखं वाटलं तर राजगिऱ्याचा लाडू. अन्नाचा कण नाही!

हेतलबेननी पेन खाली ठेवलं. "मासी, आ तो जमणवार छे!" म्हणजे ही तर पंगतच.

"जमणवार कसाले? उपास शे!"

मग उलगडा झाला. वैद्याचं लंघन म्हणजे पोटाला सुट्टी. मालतीबाईंचं लंघन म्हणजे पोटाला ओव्हरटाइम. साबुदाणा जड, शेंगदाणा जड, दही तर सुजेला आमंत्रण. ज्या दिवशी अग्नीला विसावा द्यायचा त्याच दिवशी त्याच्यावर ओलं लाकूड टाकत होत्या.

"उपासले चालस, मंग लंघनले काबर नही?" मालतीबाई चिडल्या.

"देवाला चालतं मासी. गुडघ्याला नाही चालत."

परतताना रिक्षात मालतीबाई आमच्या दोघींच्या मधे पिशवी ठेवून घरापर्यंत बाहेरच बघत बसल्या. उतरताना मात्र म्हणाल्या, "मूग शेतस का तुमनाकडे?"

तिथून खरं पथ्य सुरू झालं. मुगाचं पातळ कढण, जिरं-सुंठ घालून. भूक लागली तरच ज्वारीची ताजी भाकरी. दुपारची झोप बंद. आणि साडी गुडघ्यावर ताणायची नाही, पाटावर उशी ठेवून तिच्यावर. उशीवर कटिंग करताना मालतीबाई मला एखाद्या साहेबासारख्या वाटायच्या. श्रावण लागला तोवर जिभेची साय गेली, सकाळी भिंत न धरता उठता येऊ लागलं. मंगलाबाईंचं येणं कमी झालं.

पण अजून रोट होते.

कानबाईच्या रविवारी घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू दळतात आणि त्याचे पुरणाचे रोट करतात. सोबत खीर, तूप. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. आम्हा शेजाऱ्यांना नुसता वास, आणि तोही मी फुकट घेते. वाटणीचा रोट टाकायचा नाही, बाहेर द्यायचा नाही. आणि मालतीबाईंच्या घरात एक जादा नेम आहे. जी रोट टाकून उठेल तिच्या डोक्यावर चौरंग नाही.

म्हणजे खाल्ला तर सोमवारी गुडघा सुजणार, नाही खाल्ला तर चौरंग मंगलाबाईंच्या डोक्यावर. मालतीबाई शुक्रवारी न सांगता माझ्या आधी तयार होऊन दारात उभ्या.

हेतलबेननी सगळं ऐकून घेतलं. पुरण, तूप, खीर ही तीन नावं ऐकताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटल्याचं मला दिसत होतं, सुरती जीव तो. पण बोलल्या ते वैद्यासारखं. "नाही खाल्लं तर बरं. खायचंच असेल तर खरी भूक लागल्यावर, आधी आल्याचा तुकडा मिठासोबत. खीर नको. वरून गरम पाणी. आणि पोट अर्धं रिकामं राहिलं पाहिजे. अर्ध्याच्या वर एक घास नाही."

"पण वाटणी पुरी खावी लागते," मी म्हटलं.

"ते तुमचं तुम्ही देवीशी बोला."

मालतीबाईंनी वाटेत आलं विकत घेतलं. रविवारी सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नाही. साबुदाणा नाही, केळं नाही, नुसतं सुंठीचं पाणी. आयुष्यातलं पहिलं खरं लंघन! संध्याकाळी आरती झाली तेव्हा त्यांच्या पोटातला आवाज मला दारात उभं राहून ऐकू आला. वाढायला मंगलाबाई पुढे. त्यांनी थोरल्या जावेच्या ताटात रोट ठेवला, तुपाची वाटी उपडी केली आणि खिरीचा डाव उचलला.

"खीर नको," मालतीबाई म्हणाल्या.

"खा व बाई, देवीनी शे."

"देवीनी शे म्हनीसन देवीलेच दे."

मालतीबाईंनी आलं-मीठ चघळलं. मग जेवायला सुरुवात केली आणि एकेक घास असा खाल्ला की बाकीचे जेवून उठले तरी त्यांचं चालूच. बरोबर अर्धा रोट झाल्यावर त्या थांबल्या. उरलेला अर्धा स्वच्छ डब्यात ठेवला, झाकण लावलं.

"टाकला! रोट टाकला!" मंगलाबाईंचा आवाज गल्लीभर गेला.

घरातले सगळ्यात म्हातारे धुडकूबाबा बाजेवर बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मालतीबाई डबा हातात धरून म्हणाल्या, "बाबा, रोट पुनीव लोंग खातस का नही?"

पुनवेपर्यंत खातात, हे सगळ्यांनाच माहीत. उरलेले रोट घरातले पुनवेच्या आत संपवतात, सगळ्या घरांत तसंच. फक्त आजवर ताटातला कोणाचा उरतच नव्हता.

"खातस," धुडकूबाबा म्हणाले. "डबामा शे, टाकेल नही. चौरंग तिनाच."

सोमवारी चौरंग मालतीबाईंच्या डोक्यावर चढला. मी बरोबर होते, त्यामुळे सांगते. इतकी सावकाश कानबाई लिंबायतनं पाहिली नसेल. मालतीबाई एक पाऊल टाकायच्या, टेकवायच्या, मग दुसरं. बायका फुगडी घालून दमल्या, वाजवणाऱ्यांची गाणी संपून परत पहिल्यापासून सुरू झाली. मागून येणारी दुसरी कानबाई आमच्या पुढे निघून गेली. मंगलाबाई एक हात पुढे करून अगदी मागोमाग, पडणारं भांडं झेलायच्या तयारीत. मालतीबाईंचा चेहरा घामानं निथळत होता, पण मान ताठ.

तळ्यावर पायऱ्या होत्या. सपाट रस्त्यानं गुडघ्याला माफ केलं होतं, पायऱ्या माफ करणार नव्हत्या. मालतीबाईंनी पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवून पाहिला आणि वर घेतला. परत ठेवला, परत घेतला. 

"मंगला," त्या मागे न बघता म्हणाल्या, "धर."

मंगलाबाई इतके दिवस याचीच वाट बघत होत्या, पण आता आधी त्यांनी मालतीबाईंच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी चौरंग घेतला, डोक्यावर नीट बसवला आणि एकेक पायरी उतरून पाण्यापर्यंत नेला. मालतीबाई वर कठडा धरून उभ्या राहिल्या आणि खालून आरतीचा आवाज आला तशा वरून टाळ्या वाजवू लागल्या.

मंगलाबाई भिजल्या लुगड्यानं वर आल्या त्या ओरडतच. "पाहिलं ना सर्वासनी? शेवट मीच लई गयू!"

"लई गई ना," मालतीबाई म्हणाल्या. त्या कठड्यालगत बसल्या होत्या, डावा पाय लांब करून. "मंग आते पुढला वरीसले बी तसंच. रस्ता मना, पायऱ्या तुन्या."

मंगलाबाईंनी पदर पिळला. मग त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पायऱ्या कमी शेतस. तो शेवटला वळणपासून माले द्या."