वैशंपायनांचा फोन चालू आहे

शंतनू प्रल्हाद वैशंपायन. वय वर्षे चोवीस. मुक्काम डब्लिन, राज्य ओहायो. उंची सहा फूट एक इंच, प्रकृती सुदृढ, पुढचे दोन दात वगळता सर्व अवयव मूळचे. शिक्षण : अर्थशास्त्राची पदवी (पूर्ण). व्यवसाय : आइस हॉकी, बचावफळी. सदर युवक व्यावसायिक हॉकीच्या वरच्या श्रेणीत खेळण्यास सर्वतोपरी पात्र असून बोलावणे येताच तत्काळ हजर होण्याची त्याची तयारी आहे. संपर्क : श्री. प्रल्हाद वैशंपायन. भ्रमणध्वनी चोवीस तास सुरू.

हा मजकूर मराठी मंडळाच्या २००७ सालच्या दिवाळी अंकात ‘आपली मुले’ या पानावर छापून आला. पानावरची बाकीची मुलं डॉक्टर होती किंवा होणार होती. मजकूर प्रल्हादरावांनी स्वतः लिहिला होता. वधूवर सूचकचं पान चुकून इथे लागलं असं समजून दोन-तीन मुलींच्या आयांनी फोन केले. प्रल्हादरावांनी ते पहिल्या रिंगला उचलले, आणि समोरून मराठी ऐकू आल्यावर जरा खट्टू झाले.

प्रल्हादराव एका इन्शुरन्स कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. नागपूरहून आले ते थेट तिथेच, आणि मग हललेच नाहीत. मुलगा हॉकी खेळतो म्हटल्यावर सुरुवातीला त्यांना मैदानावरची हॉकी वाटली होती. ती आपलीच, म्हणून हरकत नव्हती. बर्फ नंतर कळला. तोवर बूट घेऊन झाले होते.

२००१ साली शंतनू हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होता. रिंकवर बर्फ मोकळा मिळायचा तो पहाटे, म्हणून प्रल्हादराव पहाटे त्याला ड्राइव्ह करून न्यायचे आणि पार्किंगमध्ये हीटर लावून गाडीत बसून राहायचे. वसुधाताई मात्र मॅचला एकदाच गेल्या. त्या दिवशी शंतनूने समोरच्या मुलाला रिंकभोवतीच्या काचेवर दाबलं, त्या मुलाने हातमोजे टाकले, आणि दोघांची यथास्थित मारामारी झाली. पंच शांतपणे बाजूला उभे.

“अहो, सोडवत का नाहीत?” वसुधाताईंनी विचारलं.

“संपू देतात,” प्रल्हादराव म्हणाले. “मग पाच मिनिटं बसवतात.”

“शाळेतून नाव कापत नाहीत?”

“नाही. टाळ्या वाजवतात.”

पुढे कॉलेजातही तो खेळला, आणि २००५ साली पदवी घेतल्यावर इंडियानातल्या एका गावच्या टीमने त्याला घेतलं. व्यावसायिक हॉकीची ही तळाची पायरी. तिच्यावर एक लीग, आणि तिच्याही वर ती टीव्हीवरची. जर्सीवर ‘वैशंपायन’ हे आडनाव एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत पसरलं. निवेदकाने दोन मॅच प्रयत्न केला आणि नंतर तो नुसतं ‘मिस्टर व्ही’ म्हणू लागला.

मंडळात या सगळ्याची नोंद जशी घ्यायला हवी तशी घेतली गेली.

“शंतनू काय करतो हल्ली?” मंडळाचे जुने अध्यक्ष कुमारकाका विचारायचे.

“हॉकी खेळतो.”

“हो, ते झालंच. दिवसा काय करतो?”

प्रल्हादराव हसायचे. पण घरी आल्यावर वसुधाताईंना म्हणायचे, “एक मॅच. वरच्या लीगमध्ये एकच मॅच खेळू दे. मग कुमारला सांगतो दिवसा काय करतो ते.” शंतनूचंही मागणं तेवढंच होतं. एकदा वर खेळलं की नाव लागतं, पुन्हा बोलावतात. न खेळलेल्याला कोण ओळखतं? आणि वरून बोलावणं कसं येतं हे त्याने घरी अनेकदा समजावून सांगितलं होतं: कोणी जखमी होतं, कोणी तापाने पडतं, मग दुपारी फोन येतो आणि संध्याकाळी खेळायचं असतं. म्हणून फोन सतत जवळ ठेवायचा.

२००७ च्या फेब्रुवारीत एका रविवारी त्याच्या टीमला सुट्टी होती. शंतनू घरी आला. वसुधाताईंनी ही संधी साधून सत्यनारायण ठरवला, संकल्प शंतनूच्या नावाने, वरची लीग मिळावी म्हणून. प्रल्हादरावांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यांना मांडी घालता येत नव्हती. तेव्हा पूजेला शंतनूच बसला. सोवळं त्याला घोट्याच्या बरंच वर येत होतं.

गुरुजी म्हणजे सुमंत. आठवडाभर एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि शनिवार-रविवार पौरोहित्य. त्यांचा नियम एकच होता: पूजेच्या खोलीत फोन नको.

“गुरुजी, माझा ठेवू? व्हायब्रेटवर,” शंतनूने विचारलं.

“मधेच थांबवता येत नाही रे पूजा. मागच्या महिन्यात एकांच्या प्राणप्रतिष्ठेत कोणाचा तरी मॉर्गेजवाला फोनवर बोलत होता.”

शंतनूने फोन वडिलांच्या हातात दिला. “Baba, if it rings, come get me. Okay?”

“अरे हो, बस तू,” प्रल्हादराव म्हणाले.

फोन वाजला तेव्हा कथेचा तिसरा अध्याय चालू होता. प्रल्हादराव फोन घेऊन लंगडत गराजमध्ये गेले, आलेल्या मंडळींच्या चपला-बुटांच्या ढिगात उभे राहिले आणि दार लावून घेतलं. लेकच्या काठच्या शहरातून, वरच्या लीगच्या टीमचे असिस्टंट कोच बोलत होते. बचावफळीतले दोघे फ्लूने आडवे झाले होते. शंतनू दोन तासांच्या ड्राइव्हवर आहे असं त्यांना कळलं होतं. तीनपर्यंत रिंकवर पोचेल का?

प्रल्हादरावांच्या छातीत धडधडायला लागलं. आणि धडधडायला लागलं की ते ऑफिसात जे करत तेच त्यांनी केलं: आवाज खाली आणला आणि इंग्रजी जड केलं. त्यांनी सांगितलं की चिरंजीव सध्या एका धार्मिक विधीत आहेत. आपला प्रस्ताव आनंदाचा आहे. कृपया अटींसह सर्व तपशील ईमेलने पाठवावेत. उद्या सकाळपर्यंत उत्तर कळवू.

“ईमेल?” कोचनी विचारलं.

“हो. म्हणजे रेकॉर्डला राहील.”

“ओके, सर,” कोच म्हणाले.

आता यात प्रल्हादरावांना वेंधळं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या उभ्या नोकरीत ईमेल आल्याशिवाय कोणतीही गोष्ट घडली नव्हती. त्यांना नोकरीत घेणाऱ्यांनी विचार करायला आठवडा दिला होता; घाई करून ‘हो’ म्हणणारा माणूस गरजू दिसतो, हे त्यांनी स्वतः मंडळातल्या नव्या पोरांना शिकवलं होतं. आणि ‘ओके, सर’ याचा अर्थ त्यांच्या ऑफिसात ‘ओके, सर’ असाच होत असे.

ते आत आले तेव्हा चेहरा इतका उजळलेला की कुमारकाकांनी खुणेने ‘काय?’ विचारलं. प्रल्हादरावांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. पूजा पुरी व्हायच्या आत देवाने ऐकलं होतं. मुलाला मधेच उठवायचं, तेही याच पूजेतून? प्रसाद न घेता उठणाऱ्यांचं काय होतं ते गुरुजी त्याच वेळी वाचत होते. आरती झाली की सगळ्यांसमोर सांगू, असं त्यांनी ठरवलं.

आरती झाली. त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुमारकाकांनीही वाजवल्या.

शंतनूने फक्त विचारलं, “When?”

“झाला की तासभर. अरे, ईमेल करतो म्हणालेत.”

तो सोवळ्यातच गराजमध्ये गेला, कपाळावर कुंकू, हाताला पंचामृत चिकटलेलं. फोनवर त्याचा आवाज शांत होता, पण दाराबाहेर ऐकू येण्याइतका स्पष्ट. “No, I understand. No, sir. Thanks for the call.” मिशिगनचा एक मुलगा एव्हाना निम्म्या वाटेवर होता.

तो आत आला.

“मी बोलू का त्यांच्याशी?” प्रल्हादराव म्हणाले. “नीट समजावून सांगतो. माझी चूक आहे म्हणतो.”

“It’s okay, Baba.”

“आपण निघू या ना आत्ता. मी ड्राइव्ह करतो.”

“गुडघा, बाबा,” शंतनू म्हणाला. हे मात्र मराठीत. वसुधाताईंनी शिऱ्याची वाटी पुढे केली. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याने खाल्ला, उभ्यानेच.

मिशिगनच्या मुलाने त्या संध्याकाळी एक गोल वाचवला, आणि त्याला ठेवून घेतलं. शंतनू इंडियानाला परत गेला. तो त्या हंगामात चांगला खेळला, पुढच्यात त्याहून चांगला, आणि २००८ च्या जानेवारीत काचेवर आदळून त्याचा खांदा निखळला. वसंतात टीमने करार पुढे चालवला नाही. आता तो डब्लिनजवळच्या रिंकवर लहान मुलांना स्केटिंग शिकवतो आणि एमबीएच्या परीक्षेची पुस्तकं गाडीत ठेवतो. कुमारकाकांना दिवसाचं काय ते अखेर कळलं.

त्या रविवारचा विषय घरात कोणी काढत नाही. शंतनूने एकदाही काढला नाही, आणि प्रल्हादरावांना बहुधा तेच सोसत नाही. पूजेनंतरच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी नवा सेलफोन घेतला, मोठ्या आवाजाचा. तो कधी बंद झाला नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाजला, मंडळाच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमात ऐन तानेत वाजला, देवळात वाजला. सुमंत गुरुजींनीसुद्धा त्यांना नियमातून वगळलं. रात्री तो उशाशी असतो.

“कोणाचा येणारे आता?” वसुधाताई विचारतात. “पोराने हॉकीचं सामान विकायला काढलंय.”

“असू दे,” प्रल्हादराव म्हणतात. “फ्लूचे दिवस आहेत.”

शंतनू हे ऐकतो आणि रिंकवर जायला निघतो.

त्या नव्या फोनचा नंबर कुठल्याच टीमकडे नव्हता.